वाचक विचारतात : क्लासिक स्कीइंगची चाल आणि प्रशिक्षकासोबतचा एक तास

हिवाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये रोपवेने डोंगरमाथ्यावर जाऊन खाली यायचे नसते. सपाटी, चढ आणि उतार हे तिन्ही स्वतःच्या बळावर पार करायचे असतात, आणि त्यासाठी स्की, म्हणजे बुटाखाली बसवायच्या लांब पट्ट्या, अरुंद व हलक्या असतात व बुटाची टाच मोकळी राहते. त्यातील क्लासिक पद्धतीत दोन्ही स्की यंत्राने पाडलेल्या दोन समांतर खाचांतून सरळ पुढे जातात. स्केटिंगच्या पद्धतीत त्या तिरक्या बाहेर टाकल्या जातात. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या बिल कोक यांच्यामुळे ही पद्धत जागतिक स्पर्धांत रुजली आणि त्या दशकाच्या मध्यावर दोन्ही प्रकारांच्या शर्यती वेगळ्या करण्यात आल्या. आजची पत्रे क्लासिक पद्धतीविषयीची आहेत.

प्रश्न : नोकरीनिमित्त ओस्लोला आल्यानंतरचा हा माझा तिसरा हिवाळा आहे. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून स्की घेतल्या आणि चित्रफिती पाहून शिकलो. सपाटीवर बरा चालतो. परंतु चढ लागला की स्की मागे घसरते, मग हातांनीच स्वतःला वर ओढावे लागते आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. एक मित्र वॅक्स बदलायला सांगतो, दुसरा व्यायामशाळेत जायला. प्रशिक्षकाकडे जाण्याचा विचार मनात येतो, पण जिथे पाच वर्षांची मुले शेजारून भर्रकन निघून जातात तिथे चाळिशीच्या माणसाने धडा घेण्याचा संकोच वाटतो. एका धड्याने खरोखर काही साधते का?
— एक वाचक, ओस्लो

उत्तर : धडा अवश्य घ्या, आणि नवे वॅक्स किंवा नव्या स्की विकत घेण्याआधी घ्या. तुम्ही वर्णन केलेली तक्रार क्लासिक पद्धत स्वतःहून शिकलेल्या प्रौढांमध्ये इतकी सर्रास आढळते की तिचे मूळ बहुतेक वेळा कुठे असते हे पत्रावरूनही सांगता येईल. मात्र ते दुरुस्त करायला तुमच्याकडे बाजूने पाहणारा एक जाणता डोळा लागेल.

आधी स्की मुळात पकड कशी घेते ते पाहू, कारण बाकी सर्व त्यावरच उभे आहे. क्लासिक स्की जमिनीवर ठेवली तर तिची दोन्ही टोके टेकतात आणि मधला भाग कमानीसारखा वर उचललेला राहतो. टाचेपासून सुरू होऊन बुटाच्या पुढे साधारण दोन वीत जाणारा हा मधला पट्टा पकडीचा असतो. त्यावर चिकट वॅक्स लावलेले असते किंवा मोहेअरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, लवेची पट्टी बसवलेली असते. तुम्ही दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरकत असता तेव्हा हा पट्टा बर्फापासून किंचित वर राहतो आणि स्की मोकळेपणाने पुढे जाते. मात्र शरीराचा सगळा भार एकाच स्कीवर आला आणि त्यात खाली दिलेल्या रेट्याची भर पडली की कमान दबते, पट्टा बर्फावर घट्ट बसतो आणि ती स्की क्षणभर पूर्ण थांबते. त्या थांबलेल्या स्कीच्या आधाराने तुम्ही दुसऱ्या पायावर पुढे झेपावता. म्हणजे ज्या पायाने रेटा द्यायचा त्यावर आधी पूर्णपणे उभे राहायचे आणि मग दुसऱ्यावर पूर्णपणे उभे राहायचे, हीच क्लासिकची डायगोनल चाल आहे. हात-पाय उलटसुलट हलणे चालताना होते तसेच होते. ते वेगळे शिकावे लागत नाही.

आता तुमच्या चढाकडे येऊ. चढ दिसला की माणूस दोन गोष्टी नकळत करतो. एक म्हणजे तो कंबरेतून पुढे वाकतो आणि नजर स्कीच्या टोकांवर खिळवतो. त्यामुळे नितंब मागे जातात आणि भार टाचेच्याही मागे पडतो. दुसरे म्हणजे तो रेटा उशिरा देतो. रेट्याची योग्य वेळ दोन्ही पावले एकमेकांशेजारून जात असतानाची असते. त्या क्षणी घोटा आणि गुडघा किंचित दुमडून पाय खाली दाबायचा असतो. पाय शरीराच्या मागे गेल्यावर दिलेला जोर बर्फात खाली न जाता मागच्या दिशेने जातो, कमान पुरती दबत नाही आणि वॅक्स कितीही चांगले असले तरी स्की सटकते. झोपाळ्यावर उभे राहून झोका घेतलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते की पाय दाबण्याचा क्षण चुकला तर दुप्पट जोर लावूनही झोका चढत नाही. म्हणूनच व्यायामशाळेचा सल्ला मला इथे पटत नाही. तुमचे खांदे दुखतात ते दुर्बल आहेत म्हणून नव्हे. पायांनी करायचे काम त्यांच्यावर पडते म्हणून.

मग हे चित्रफितीतून का कळत नाही? कारण आपला भार कुठे आहे याविषयी आपले शरीर आपल्याला खात्रीपूर्वक चुकीची माहिती देते. तीन वर्षे स्की करणाऱ्या माणसालाही वाटत असते की तो एका पायावर पूर्ण उभा राहतो; बाजूने पाहणाऱ्याला मात्र दिसते की त्याचा मागचा पाय बर्फाला चिकटलेलाच आहे आणि शरीर दोन्ही स्कींच्या मधोमध अडकले आहे. प्रशिक्षकाचा खरा उपयोग हा आहे. तो पहिल्या शंभर मीटरमध्येच हे पाहतो, बहुधा भ्रमणध्वनीवर चित्रण करून तुम्हालाही दाखवतो, आणि आपणच आपल्याला प्रथम पाहताना बसणारा तो धक्का दहा सूचनांपेक्षा अधिक शिकवून जातो.

चांगल्या धड्यात सर्वप्रथम पोल, म्हणजे हातांतल्या काठ्या, काढून घेतले जातात. तुमच्यासारख्या हातांवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला ही शिक्षा वाटते, परंतु पोल हातात असेपर्यंत पायांचा आळस जात नाही. सपाट खाचेत पोलाशिवाय चालायचे, मग त्याचेच संथ धावणे करायचे आणि प्रत्येक पावलानंतर एका स्कीवर किती वेळ सरकता येते ते पाहायचे. त्यानंतर अनेकदा एकच स्की घातली जाते. दुसऱ्या पायात नुसता बूट असतो आणि त्याने बर्फ दाबत दाबत, लहान मुले स्कूटर चालवतात तसे, स्की घातलेल्या पायावर तोल सांभाळत पुढे जायचे असते. या सरावात नाक, गुडघा आणि बुटाचे टोक वरून पाहता एका रेषेत यावेत, कंबर उंच राहावी आणि पुढे कलणे हे कंबरेतून न होता घोट्यातून व्हावे यावर प्रशिक्षकाची नजर असते. घोटा न दुमडणे हा दोष मला सर्वांत चिवट वाटतो. खुर्चीत दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांचे घोटे ताठ झालेले असतात, आणि घोटा दुमडत नसेल तर शरीर पुढे जाण्यासाठी कंबरेखेरीज दुसरा मार्ग शोधू शकत नाही.

यानंतर अगदी सौम्य चढ घेतला जातो, तोही पोलाशिवाय. तिथे पावले आखूड करायची, लय वाढवायची, नजर चढाच्या माथ्याकडे ठेवायची आणि पाय शरीराच्या खालीच टाकायचे. ज्या क्षणी पट्टा बर्फ पकडतो तो क्षण तळपायाला स्पष्ट कळतो, आणि एकदा कळला की पुढे त्याचा शोध घेता येतो. शेवटी पोल परत मिळतात. आधी ते मध्यभागी धरून नुसते हात झुलवायचे आणि मग नेहमीसारखे टेकवायचे. पोल बुटाच्या शेजारी, टोक मागे कललेले ठेवून टेकावा, हात कंबरेच्या मागे जाईपर्यंत रेटावा आणि तिथे मूठ सैल सोडावी.

तासाभरात तुमची चाल पूर्ण बदलणार नाही, आणि जो प्रशिक्षक एका तासात सात दोष सांगतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. एक मुख्य दोष, त्यावरचे दोन सराव आणि घरी जाताना लक्षात ठेवायचे एक वाक्य एवढे मिळाले तर धडा उत्तम झाला असे समजा. पहिला धडा शक्य असल्यास एकट्याने घ्या, नंतर गटात शिका. गटात खर्च कमी येतो आणि दुसऱ्याचे दोष पाहताना आपलेही उमगतात. धड्याच्या आरंभीच चढावर स्की सटकते एवढी एकच तक्रार सांगा आणि चित्रण करण्याची विनंती करा. धड्यानंतर आठवड्याच्या आत पुन्हा बर्फावर जा आणि त्यापुढे प्रत्येक वेळी सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे पोलाशिवाय चाला. ही सवय लागली नाही तर शरीर जुन्या वळणावर जाते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

दिवस निवडतानाही विचार करा. तापमान शून्याखाली तीन ते आठ अंश, बर्फ कोरडा आणि खाचा ताज्या असतील तर पकड सहज मिळते आणि दोष वॅक्सचा की आपला हा वाद उरत नाही. नेमक्या शून्य अंशावर ताजा बर्फ पडत असेल त्या दिवशी अनुभवी लोकही वॅक्सशी झगडत असतात. अशा दिवशी धडा पुढे ढकललेला बरा. जागेची तर ओस्लोत चैन आहे. भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका स्कीसह तुम्हाला ४६९ मीटर उंचीवरील फ्रोग्नरसेतेरेनला पोहोचवते आणि स्थानकाबाहेरच नूरमार्काच्या जंगलातले मार्ग सुरू होतात. सपाट भाग हवा असेल तर सोग्न्सवान तळ्याचा परिसर अधिक सोयीचा आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेली स्कीफोरेनिंगेन ही संस्था शहराभोवतीच्या या मार्गांची निगा राखते आणि मुलांप्रमाणे प्रौढांसाठीही वर्ग चालवते. यावरूनच तुमच्या संकोचाचे उत्तर मिळावे. नॉर्वेजियन माणूस पायांत स्की घालूनच जन्मतो असे तिथले लोक स्वतःविषयी अभिमानाने म्हणतात, तरीही त्यांच्यातील कित्येक प्रौढ दर हिवाळ्यात चाल सुधारण्यासाठी वर्गात नाव घालतात. शेजारून भर्रकन जाणारी ती मुले पोल हातात येण्याआधी बराच काळ नुसत्या पायांवर खेळलेली असतात, आणि प्रशिक्षक तुमच्याकडून तेच करून घेणार आहे.

प्रश्न : आम्ही दोघे मिनियापोलिसला राहतो. गेल्या वर्षी भाड्याच्या स्कींवर शिकलो, आता विकत घ्यायच्या आहेत. दुकानदार लवेच्या पट्टीच्या स्की सुचवतो. स्कीइंग मंडळातील जुने सदस्य म्हणतात की वॅक्सशिवाय क्लासिक शिकताच येत नाही. माझी उंची १५८ सेंटिमीटर, पतीची १७६. धड्याला जाण्यापूर्वी काय घ्यावे?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : लवेच्या पट्टीच्या स्की घ्या. वॅक्सचे ज्ञान हा या खेळातील मोठा आनंद आहे आणि कोरड्या थंडीत नीट वॅक्स केलेली स्की पट्टीच्या स्कीपेक्षा मोकळी धावते, हे जुन्या सदस्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु शिकण्याच्या काळात प्रत्येक वेळी पकड सारखी मिळणे अधिक मोलाचे असते, कारण तेव्हाच सटकण्याचे कारण आपल्या पायात शोधता येते. चाल बसली की वॅक्सकडे वळा. त्या वेळी रंगांचा साधा नियम पुरेसा होईल : कडक थंडीला हिरवे, शून्याखालच्या मधल्या तापमानाला निळे, शून्याच्या आसपास जांभळे, त्यावर लाल, आणि वितळून पुन्हा गोठलेल्या खरखरीत बर्फासाठी क्लिस्टर नावाचे मधासारखे दाट, हाताला चिकटणारे वॅक्स. जुन्या साठ्यातील फ्लोरिनयुक्त वॅक्स कुणी फुकट देऊ केले तरी घेऊ नका. त्यातील द्रव्ये निसर्गात नष्ट होत नाहीत आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३–२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांवर बंदी घातली आहे.

पट्टी की वॅक्स यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्की तुमच्या वजनाला साजेशी असणे, आणि त्याची परीक्षा दुकानातच करता येते. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर सारखा भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्याला स्कीखालून, पायाच्या बरोबर खाली, एक कागद पुढेमागे ओढायला सांगा. दोन्ही पायांवर भार असताना कागद मोकळेपणाने हलला पाहिजे, आणि सगळा भार त्याच स्कीवर टाकताच तो घट्ट अडकला पाहिजे. एका पायावरही कागद निसटत असेल तर ती स्की तुमच्यासाठी फार ताठ आहे. कोणताही प्रशिक्षक तुम्हाला त्या स्कीवर चढ चढवू शकणार नाही. दोन्ही पायांवर असतानाच कागद अडकत असेल तर ती फार मऊ आहे आणि सपाटीवर ओढत राहील. दुकानदार उंचीवरून लांबी सांगेल, पण निर्णय कागदाच्या परीक्षेवरच घ्या, आणि ती हिवाळी कपडे व बूट घालूनच करा.

पोलांच्या बाबतीत उंचीचे ८३ ते ८५ टक्के हे प्रमाण बहुतेकांना लागू पडते. म्हणजे तुम्हाला साधारण १३० आणि पतींना १४५ ते १५० सेंटिमीटरचे पोल पुरतील. हे प्रमाण स्पर्धकांनाही बांधून दिलेले आहे : २०१६–१७ पासून क्लासिक शर्यतीत पोलाची लांबी बुटांसह मोजलेल्या उंचीच्या ८३ टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम आहे. तो नियम का करावा लागला, हे पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : स्टॉकहोममधील माझ्या कार्यालयातून आठ जण पुढील वर्षी वासालोपेट या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत उतरणार आहेत. मी त्यांच्यातला एकटाच नवशिका. सगळे म्हणतात, डायगोनल चाल शिकण्यात वेळ घालवू नकोस, हल्ली नामांकित स्कीपटू सगळे अंतर दोन्ही पोल एकदम मारूनच कापतात. धड्यांत मी केवळ तेच शिकावे का?
— एक वाचक, स्टॉकहोम

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांनी पाहिले ते खरे आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष तुम्हाला लागू होत नाही. सेलेनपासून मूरापर्यंतची ही ९० किलोमीटरची शर्यत १९२२ पासून होत आली आहे आणि तिचा मार्ग बराचसा सपाट व उताराचा आहे. २०१३ मध्ये योर्गेन आउकलांड यांनी पकडीचे वॅक्स न लावता, केवळ दोन्ही पोलांच्या जोरावर ती जिंकली आणि त्यानंतर आघाडीच्या पुरुषांनी तीच वाट धरली. क्लासिकची मूळ चाल नाहीशी होईल या काळजीतूनच महासंघाने पोलांच्या लांबीवर मर्यादा आणली आणि काही शर्यतींत, ठरावीक चढांवर दोन्ही पोल एकदम मारण्यास मनाई केली. मात्र हे स्कीपटू वर्षानुवर्षे पाठीचे, पोटाचे आणि दंडांचे स्नायू त्यासाठी घडवतात. सेलेनहून सुटल्याबरोबर लागणारा सुमारे तीन किलोमीटरचा चढ आणि त्यावरची हजारो लोकांची गर्दी यांतून पकडीशिवाय जाण्याचा प्रयत्न नवशिक्याने केला, तर उरलेल्या अंतरासाठी त्याच्या हातांत काहीच शिल्लक राहणार नाही.

म्हणून तुम्ही दोन्ही शिका, आणि डायगोनल चाल आधी. सौम्य चढ तिच्यावर, तीव्र चढ माशाच्या काट्यासारख्या तिरक्या पावलांनी, सपाटी दोन्ही पोलांनी, आणि सपाटीपेक्षा किंचित जड लागणाऱ्या जागी दोन्ही पोलांसोबत एका पायाचा रेटा, असे बदल ज्याला सहज करता येतात तो शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये इतरांना मागे टाकतो. एकच स्नायुगट सतत वापरण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

दोन्ही पोलांच्या माऱ्यासाठी स्वतंत्र धडा घ्या, कारण त्यातही स्वतःला न दिसणारा एक दोष सार्वत्रिक आहे. शिकणारा हातांनी ओढतो आणि शेवटी खाली बसतो. खरे तर आधी घोट्यांतून पुढे कलून, कंबर उंच ठेवून, शरीराचा भार पोलांवर पडू द्यायचा असतो. पोल बुटांच्या शेजारी टेकतात, कोपरे दुमडलेली राहतात, पोटाचे स्नायू धड खाली दाबतात आणि हातांचे काम त्यानंतर सुरू होते. मारा मांड्यांच्या मागे संपला की लगेच पुन्हा उंच व्हायचे. गुडघे फार दुमडले, नितंब खाली गेले, की वजन पोलांवरून निघून जाते आणि श्रम तेवढेच राहतात. या माऱ्याचा सराव उन्हाळ्यात चाकांच्या स्कींवरही करता येतो. शर्यत मार्चच्या पहिल्या रविवारी असते आणि स्टॉकहोमच्या बर्फावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे तुम्हाला तो करावाच लागेल.

एक गोष्ट मनापासून सांगतो. २०२५ मध्ये ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णपदके मिळवणाऱ्या योहानेस ह्योसफ्लोट क्लेबो यांचे तीव्र चढावरचे धावणे मिळेल तिथे पाहा. त्यांची पावले आखूड आणि अतिशय जलद पडतात, तरीही प्रत्येक पावलाला शरीर पूर्णपणे त्या एका पायावर असते. त्यांचा वेग आपल्याला गाठता येणार नाही, पण भाराचे ते अचूक ठिकाण संथ गतीतही साधता येते.

प्रश्न : तासभर चालल्यावर माझी बोटे आखडतात आणि अंगठ्याच्या बुडाशी दुखते. हातमोजे बदलून पाहिले. काय चुकत असावे?
— एक वाचक, ट्रॉनहाइम

उत्तर : बहुधा पोलाच्या मुठीजवळच्या पट्ट्यात हात चुकीचा जातो आहे. हात पट्ट्यातून खालून वर घालायचा आणि मग पट्टा व पोलाची मूठ दोन्ही एकत्र धरायची, म्हणजे जोर मनगटामार्फत पट्ट्यावर येतो आणि बोटांना पोल आवळावा लागत नाही. हल्लीच्या हातमोज्यासारख्या पट्ट्यांवर डावा-उजवा अशी खूण असते, ती तपासा. पट्टा इतका घट्ट असावा की मूठ उघडली तरी पोल तळव्यापासून फार दूर जाऊ नये. प्रत्येक माऱ्याच्या शेवटी बोटे उघडत नसतील तर पोलाशिवायच्या सरावानंतर दहा मिनिटे मुद्दाम त्यावरच लक्ष द्या. इतके करूनही दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमची मुलगी ओस्लोला असते. येत्या जानेवारीत आम्ही दोघे तिच्याकडे दोन महिन्यांसाठी जात आहोत. मी ६१ वर्षांची, हे ६६ वर्षांचे. दोघेही रोज पर्वतीवर जातो, गुडघे ठीक आहेत. मुलगी म्हणते, आई, तुम्ही दोघे धडा घ्या, मी मात्र शिकवणार नाही. या वयात आरंभ करावा का? आधी गुलमर्गला जाऊन थोडे शिकावे, असाही एक विचार आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आरंभ जरूर करा. या खेळात सांध्यांना आघात कमी बसतो, वेग आपल्या हाती राहतो, आणि नॉर्वेत तुमच्याहून वडील माणसे रोज या मार्गांवर दिसतील. रोज पर्वती चढणाऱ्यांचा दम आणि पाय तयार असतात. तयारी करायची आहे ती तोलाची. प्रवासापूर्वी रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहा, गुडघा किंचित दुमडून, आणि पाय बदला. घोट्यांसाठी भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावण्याचा व्यायाम करा. हृदयविकार, हाडांचा ठिसूळपणा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या.

यासाठी गुलमर्गला जाण्याची आवश्यकता नाही. तिथे प्रामुख्याने उतारावरचे स्कीइंग शिकवले जाते, त्याचे बूट ताठ आणि टाच बांधलेली असते, आणि ती सवय क्लासिकला फारशी उपयोगी पडत नाही. आपल्या देशात क्रॉस-कंट्री नाही असे मात्र समजू नका : ताशी लुंडुप २०१० मध्ये, नदीम इक्बाल २०१४ मध्ये आणि जगदीश सिंग २०१८ मध्ये याच खेळात हिवाळी ऑलिम्पिकला भारतातर्फे उतरले होते, आणि गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतही हा प्रकार असतो. तुमच्यासारख्यांना लागणारे सपाट मार्ग, भाड्याच्या स्की आणि प्रौढांचे वर्ग मात्र मुलीच्या घराजवळच मिळणार आहेत.

मुलीने शिकवण्यास नकार दिला ते योग्यच केले. घरच्या माणसाने सांगितलेले आपण ऐकत नाही आणि तिलाही तुमच्या पडण्याची भीती वाटत राहणार. परक्या प्रशिक्षकासमोर दोन्ही अडचणी दूर होतात. त्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी शिकवायला सांगा : पडल्यावर स्की समांतर करून, गुडघ्यांवर येऊन उठणे; उतारावर स्कींची मागची टोके बाहेर ढकलून वेग कमी करणे; आणि खाचेतून एक स्की बाहेर काढून तीच युक्ती अर्धवट वापरणे. उताराची धास्ती गेल्याशिवाय सपाटीवर शरीर सैल होत नाही आणि ताठ शरीराला एका पायावर उभे राहता येत नाही. मार्गावर उजव्या बाजूने चाला, आणि चढताना समोरून कुणी खाली येत असेल तर त्याला वाट द्या. थांबायचे झाल्यास खाचेतून बाहेर येऊन थांबा.

कपड्यांबाबत एवढेच, की पुण्याहून जाड लोकरीचे कोट घेऊन जाऊ नका. चालताना अंग लवकर तापते; आत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारे हलके जाकीट, आणि थांबल्यावर घालायला पिशवीत एक उबदार कपडा पुरतो. धडा आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजेडात ठेवा, कारण जानेवारीत तिथे दिवस लहान असतो आणि शनिवार-रविवारी मार्गांवर गर्दी असते. पहिल्या धड्यानंतर दोन दिवस विश्रांती घ्या, मग दुसरा घ्या. आणि त्या दोन्ही धड्यांना मुलीला सोबत न नेता दोघांनीच जा.